कोणत्या टेबलाचा अभ्यास करायचा?

(पवई येथे पाड्यांवरच्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणे शक्यतो तसेच ठेवले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर वाचून दाखवावे.)



मला दिलेला विषय ऐकायला जड आहे. पब्लिक पॉलिसी, म्हणजे सार्वजनिक धोरण, या विषयात मास्टर्स करायचं तर त्यात स्पेशलायझेशन कोणतं घ्यायचं? मागे म्हातारी माणसं बसली आहेत. त्यांना वाटत असेल, हा पोरांचा विषय, आपण उठून चहा घेऊ. आजी, बसा. हा विषय तुमच्या घराखालच्या जमिनीचा आहे. कसा ते सांगते.

सरकारने काय करायचं, कुणासाठी करायचं, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या जागेवर करायचं, हे ठरवायची जी रीत, तिला धोरण म्हणतात. ही रीत शिकवणारे वर्ग आता निघाले आहेत. आपल्या पवईतच, आयआयटीच्या आवारात अशांक देसाई धोरण अभ्यास केंद्र आहे. तिथे धोरणाची मास्टर्स पदवी मिळते. त्याच आवारात ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं केंद्र १९८५ पासून आहे, त्याला सगळे ‘सितारा’ म्हणतात. तिथे २००७ पासून ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एम.टेक. करता येतं. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, ती १९३६ पासूनची. केंद्राच्या संस्थांमध्ये अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे दार आहे. चौकीदाराला विचारून नाही, हक्काने आत जायचं दार आहे.

अशी पदवी साधारण दोन वर्षांची असते. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच शिकवतात: अर्थशास्त्र, आकडेशास्त्र, राज्यकारभार, कायदा. पुढे निवड करावी लागते. कुणी पर्यावरण घेतं, कुणी आरोग्य, कुणी शिक्षण, कुणी शहर नियोजन, कुणी सार्वजनिक वित्त. त्यावर एक प्रबंध लिहायचा असतो. ती निवड पुढे नोकरीला चिकटते आणि नोकरी आयुष्याला चिकटते. म्हणून ही निवड मी हलकी धरत नाही.

आपल्यातलं पोर तिथे गेलं की सगळे एकच सल्ला देतात. सर म्हणतात, “तू आदिवासी विकास घे, तुला आतून माहिती आहे.” मामा म्हणतो, “आपल्या खात्याचं घे, तिथे जागा निघतात.” संघटनेतली माणसंही तेच म्हणतात. सल्ला प्रेमाचा आहे. पण मला त्यावर एक प्रश्न विचारायचा आहे. आपली जमीन आजवर कोणत्या खात्याने घेतली?

चला, याच डोंगराचा हिशेब करू.

विहार तलाव पुरा झाला १८६० साली. मुंबईला नळाचं पाणी पाहिजे होतं. मागोमाग १८७९ मध्ये तुळशी, मग १८९१ च्या सुमारास आपला पवई तलाव. धोरणाचं नाव होतं पाणीपुरवठा.

१९४९ मध्ये आरे दूध वसाहत. शहरातले तबेले बाहेर काढायचे आणि लोकांना चांगलं दूध द्यायचं होतं. सुमारे ३,१६० एकर जागा. धोरणाचं नाव दुग्धविकास.

१९५८ मध्ये आयआयटी सुरू झाली आणि १० मार्च १९५९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पवईत पायाभरणी झाली. जागा सुमारे साडेपाचशे एकर. धोरणाचं नाव तांत्रिक शिक्षण.

वरच्या अंगाला राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. धोरणाचं नाव वन्यजीव संरक्षण. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने तिथली अतिक्रमणं काढायचा आदेश दिला. अतिक्रमण करणारा कोण आणि मूळचा राहणारा कोण, हा वाद तेव्हापासून आपल्या दारात उभा आहे.

मग मेट्रो तीनची कारशेड. आरेतली सुमारे ३० हेक्टर जागा आधी विकास आराखड्यात ना-विकास क्षेत्र होती, तिचा वापर बदलला. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडांवर करवत चालली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं आणि आरेची सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करायचं ठरलं. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. धोरणाचं नाव शहर वाहतूक.

आता मोजा. पाणी, दूध, शिक्षण, वन्यजीव, वाहतूक. दीडशे वर्षांवरचे हे पाच निर्णय. त्यांतल्या एकाही कागदावर ‘आदिवासी विकास’ हे नाव नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशी आपली माणसं या डोंगरात होती आणि आहेत, पण निर्णय ज्या टेबलावर झाला तिथे आपल्या खात्याची खुर्चीच नव्हती. आदिवासी विभाग मागाहून येतो आणि आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, घरकुल देतो. तेही लागतंच, मी त्याला नावं ठेवत नाही. पण जमीन जाते दुसऱ्या टेबलावरून, आणि आपली सगळी शिकलेली पोरं मात्र एकाच टेबलापाशी गर्दी करतात.

माझं सांगणं एवढंच आहे: जिथे तुमच्या पाड्याची फाईल खरोखर फिरते, त्या टेबलाचा विषय घ्या.

मला अशी तीन टेबलं दिसतात.

पहिलं टेबल नकाशाचं. कॉलेजात त्याचं नाव शहर नियोजन, जमीन व्यवस्थापन असं काही असेल. मुंबईचा सध्याचा विकास आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. त्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात एवढ्या चुका निघाल्या की दोन महिन्यांत सरकारने तो बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितला. लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या होत्या. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तेव्हा गावठाणं, कोळीवाडे आणि पाडे नकाशावर दाखवा म्हणून किती अर्ज करावे लागले, ते इथल्या काही जणांना आठवत असेल.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम २६ आहे. मसुदा प्रसिद्ध करायचा आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या, असं ते सांगतं. हक्क चांगला आहे, पण त्याला मुदत असते, आणि त्या मुदतीत हरकत लिहायला आधी नकाशा वाचता यावा लागतो. हिरवा रंग कशाचा, पिवळा कशाचा, तुटक रेघ कशाची, सीटीएस नंबर कुठे बघायचा? आपली आजी डोळे मिटून सांगते की ओढा कुठून वळतो आणि वाघबारशीला देवाला नारळ कुठे फोडतात. पण नकाशा तिला उलटा धरला की सुलटा हे कळत नाही. तिच्या डोळ्यांतला डोंगर त्या कागदावर उतरवायला मधे एक माणूस लागतो. आज तो माणूस आपण बाहेरून मागून आणतो. येतो बिचारा, मदत करतो, पण मुदत संपायच्या दोन दिवस आधी सापडतो.

आता पोरांनो, वय मोजा. २०३४ चा आराखडा संपेल तेव्हा पुढच्याची तयारी आधीच सुरू झालेली असेल. त्यात पहिला नकाशा बनतो तो आज जमीन कशी वापरात आहे याचा. ज्याचं घर, शेत, स्मशान त्या पहिल्या नकाशात नाही, तो पुढच्या सगळ्या नकाशांतून गळतो. आज तुम्ही बावीस-तेवीसचे आहात, तेव्हा तिशीत असाल. त्या नकाशाच्या टेबलावर आपलं माणूस बसलेलं पाहिजे. ते बसवायचं असेल तर निवड आत्ता करावी लागेल.

दुसरं टेबल पैशाचं. याला सार्वजनिक वित्त म्हणतात. नाव ऐकूनच पोरं पळतात, गणित असतं म्हणून. पळू नका. आपल्या दारावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जातो. तो ज्या मोठ्या वाहतूक प्रकल्पातला आहे, त्या एमयूटीपीला जागतिक बँकेचं कर्ज होतं. त्या प्रकल्पात उठवल्या गेलेल्या काही दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये बँकेच्याच तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळाने चौकशी केली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले. मोर्चे मुंबईत निघत होते, पण नळ वॉशिंग्टनमधून बंद झाला. ते कसं जमलं? कर्जाच्या करारात पुनर्वसनाच्या अटी आहेत हे कुणीतरी वाचलं होतं. मेट्रो तीनला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे, तिचेही पर्यावरण आणि समाजाबाबतचे नियम आहेत. कर्जाचा कागद वाचणारं आपल्यातलं कोण आहे? हात वर करा. बघा.

पैशाचं टेबल आपल्या हक्काच्या निधीसाठीही लागतं. सुखटणकर समितीच्या सूत्राप्रमाणे राज्याने १९९३ पासून योजनेच्या पैशातले नऊ टक्के आदिवासी उपयोजनेला द्यायचं ठरवलं. २०१५ पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना त्या उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट द्यायचं ठरलं. किती तरतूद झाली, किती सुटले, किती खर्च पडले आणि वर्ष संपताना किती परत गेले, हे चार आकडे चार वेगळ्या कागदांत असतात. ते एका कागदावर आणणं ही विद्या आहे. घोषणा देऊन ती येत नाही.

तिसरं टेबल कायद्याचं आणि पुराव्याचं. २००६ चा वनहक्क कायदा सगळ्यांनी ऐकलाय. त्यातली दोन कलमं शहरातल्या पाड्यांनी पाठ करावीत. कलम २ मध्ये ‘वनजमीन’ कशाला म्हणायचं ते दिलंय, त्यात राष्ट्रीय उद्यानही येतं. त्याच कलमात ‘गाव’ कशाला म्हणायचं ते दिलंय, त्यात जुनी वस्ती येते, मग ती गाव म्हणून जाहीर झालेली असो की नसो. हे शब्द आपल्यासाठी सोन्याचे आहेत. कारण आपल्याला पहिला अडथळा हाच घालतात, की शहरात ग्रामसभा कुठून आणणार?

पुराव्याचंही तसंच. या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. बांध, विहीर, जुनं घर, देवस्थान हा पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सांगितलं की उपग्रहाचा फोटो जोडीला चालेल, पण बाकीच्या पुराव्याच्या जागी तो बसवता येणार नाही. तरीही दावे फोटो दाखवून फेटाळतात. हे खोडून काढायला कायदाही कळावा लागतो आणि तो फोटो कुठल्या साली, कुठल्या ऋतूत काढला तेही कळावं लागतं. उन्हाळ्यात काढलेल्या फोटोत वरकस जमीन ओसाडच दिसणार. हे प्रबंधात सिद्ध करून दाखवा, तुमचे सरही काहीतरी शिकतील.

आता कुणी म्हणेल, ताई, मग आदिवासी विकास हा विषय कुणी घ्यायचाच नाही का? घ्यावा. ज्याला पालघर, नंदुरबार, गडचिरोलीला जाऊन काम करायचं आहे त्याने जरूर घ्यावा. तो भाग पाचव्या अनुसूचीतला आहे. तिथे पेसा लागू आहे, प्रकल्प कार्यालय आहे, तिथे त्या विषयाला दात आहेत. पण मुंबई अनुसूचित क्षेत्रात नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात आपण ९.३५ टक्के होतो, मुंबई उपनगर जिल्ह्यात मात्र एका टक्क्याच्या आसपास. इथे पेसाची परीक्षा पास होऊन आलेलं पोर वॉर्ड ऑफिसमध्ये गेलं तर तिथला साहेब विचारेल, हा कायदा कुठला? काम कुठे करायचं ते आधी ठरवा, मग विषय. उलटं केलंत तर विषयच तुम्हाला त्याच्या गावाला घेऊन जाईल.

पोटाचंही बोललं पाहिजे. आईने धुणीभांडी करून शिकवलं, घरी बापाचं औषध चालू आहे, धाकटी भावंडं आहेत. अशा पोराला ‘समाजासाठी शीक’ एवढंच सांगणं हे फुकटचं बोलणं आहे. संघटना पगार देऊ शकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ही पदवी घेणाऱ्यांना सल्लागार कंपन्यांत नोकऱ्या मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला आहे, ते अहवाल अशाच कंपन्या आणि संस्था लिहितात. तुमच्यातल्या कुणाला तशी नोकरी मिळाली तर मी गद्दार म्हणणार नाही. उलट मी विचारीन, त्या अहवालातली मोजणी तुझ्या हातात आहे का? पाड्यावर किती चुली हे विचारणारा फॉर्म तू बनवतोस का? एका घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर कुटुंब एक लिहायचं की तीन, एवढ्या एका रकान्यावर पुढे घरं मिळतात किंवा बुडतात. नकाशा, आकडे आणि कायदा येणाऱ्याला नोकरी मिळते, आणि तीच विद्या संध्याकाळी पाड्यावरही कामाला येते. म्हणून मी विषयाच्या नावापेक्षा हातात काय येणार हे आधी बघायला सांगते.

निवड करण्याआधी चार कामं करा.

एक. पाड्यावर या आणि गेल्या दहा वर्षांत आलेल्या सगळ्या नोटिसा, उत्तरं, पोचपावत्या एकत्र करा. प्रत्येक कागदावर वर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते लिहून काढा. ज्या कार्यालयाचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येतं, तो तुमचा विषय असण्याची शक्यता मोठी आहे.

दोन. त्या विषयात काय काय शिकवतात तो अभ्यासक्रम मागवा आणि विचारा, वर्ष संपताना माझ्या हाताला कोणतं काम येईल? नकाशा बनवता येईल? अंदाजपत्रक वाचता येईल? माहितीच्या अधिकाराचा नेमका अर्ज आणि पहिलं अपील लिहिता येईल? उत्तर नुसतं ‘दृष्टी मिळेल’ असं आलं, तर पुन्हा विचारा.

तीन. शिकवणारे फिल्डवर जातात का ते आधीच्या मुलांना विचारा. प्रबंधासाठी गावात किती आठवडे राहू देतात तेही विचारा.

चार. पैशाची आणि कागदाची सोय आधी करा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, केंद्राची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती यांची उत्पन्नमर्यादा आणि तारखा बघा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. प्रवेशाची यादी लागल्यावर त्याच्यामागे धावू नका, आजपासून धावा.

शेवटचा मुद्दा म्हाताऱ्या माणसांचा आहे. ते विचारतात, शिकलेलं पोर परत येतं का? खरं सांगायचं तर कोणतंही स्पेशलायझेशन पोराला परत आणत नाही. त्यासाठी आपणच सोय करावी लागते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये देशात सगळ्यांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत मेंढा आहे, १,८०० हेक्टरवर जंगल. त्यांच्याकडे अभ्यासगटाची पद्धत आहे. गटात बाहेरचे शिकलेलेही बसतात. अभ्यासगट वाचतो, चर्चा करतो, माहिती गोळा करतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. जाणकाराला मान आहे, पण अख्ख्या गावाच्या जागी तो एकटा बोलत नाही.

आपणही तसंच करू. महिन्यातून एक रविवार पाड्यावर अभ्यासगट बसेल. जो पॉलिसी शिकतोय तो त्या महिन्यात वर्गात काय शिकला ते मराठीत, आजीला कळेल असं सांगेल. आजीला कळलं नाही तर त्यालाही अजून कळलेलं नाही, असं समजायचं. त्याचा प्रबंध आधी पाड्यावर वाचला जाईल, मग कॉलेजात जमा होईल. चुकीचं लिहिलं असेल तर चुलीपाशी बसलेली बाई ते तिथल्या तिथे सांगेल. कॉलेजच्या तोंडी परीक्षेपेक्षा ही परीक्षा अवघड आहे.

येत्या रविवारी ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांनी दोन गोष्टी घेऊन या. एक, ज्या कॉलेजात जायचं आहे त्याचा अभ्यासक्रम. दुसरी, आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीतले सगळे सरकारी कागद. रेशनकार्डापासून विजेच्या बिलापर्यंत, फाटके असले तरी आणा. दोन्ही शेजारी ठेवून बघू. विषय तिथेच ठरेल.

जोहार! जिंदाबाद!